उतरताना मांडीवर घ्यायचा दगड

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सान लाउरेआनो नावाचं बंदर आहे. शहर अर्धं खाली आणि अर्धं वर. खाली गोदी, गोदामं, मासळीबाजार, कचेऱ्या. वर, सेर्रो अमार्गो नावाच्या टेकडीवर, खाली राबणाऱ्यांची घरं. या दोन अर्ध्यांना जोडते ती एक तिरकी, छोटीशी रेल्वे. एकाच जाड तारदोराच्या दोन टोकांना दोन डबे, एक निळा, एक पिवळा. रहाटाला दोन बादल्या बांधाव्यात तसे. एक वर चढतो तेव्हा दुसरा खाली उतरतो, आणि बरोबर मध्यावर दोघे एकमेकांना ओलांडून जातात. गावचे लोक तिला नुसतं 'असेन्सोर' म्हणतात, म्हणजे लिफ्ट. पाहुण्यांना ती रेल्वे वाटते. भाडं दोघांना सारखंच पडतं.

वरच्या स्थानकात, तिकिटाच्या खिडकीपलीकडे, भिंतीला लागून दगडांचा एक ढीग आहे. साधे दगड, काही नारळाएवढे, काही मुठीत मावतील असे. खाली जाणारा प्रत्येक माणूस त्यातला एक उचलतो आणि मांडीवर घेऊन बसतो. कचेरीला निघालेला कारकून उचलतो, शाळेची पोरं उचलतात, लग्नाला निघालेली बाई झग्यावर रुमाल पसरून त्यावर ठेवून घेते. खाली पोचलं की तो तिथल्या ढिगात ठेवायचा. वर येणारे जाता जाता एखादा परत आणतात, म्हणून वरचा ढीग कधी संपत नाही.

पाहुण्यांना याची गंमत वाटते. ते दगडासकट फोटो काढतात, आणि एखादा तर हळूच पिशवीतही घालतो. तिथल्या बाकावर सेन्योर आन्सेल्मो नावाचे म्हातारे गृहस्थ बसलेले असतात. एकेचाळीस वर्षं त्यांनी या गाडीचा ब्रेक सांभाळला. त्यांचं लक्ष बरोबर अशा पिशवीकडे जातं.

"काढा तो बाहेर, साहेब," ते म्हणतात. "शोभेचा नाही तो. वजनाचा आहे."

कसलं वजन, असं कुणी विचारलं की ते सरकून बाकावर जागा करून देतात. सुरुवातीलाच सांगून टाकतात की हे मी आजीकडून ऐकलं, तिनं तिच्या आजीकडून, मधे कुणी काय घातलं आणि काय गाळलं याची हमी माझ्याकडे मागू नका.

तेव्हा वीज नव्हती म्हणे. डबे पाण्यावर चालत. दोन्ही डब्यांच्या तळाशी एकेक लोखंडी टाकी होती आणि वर टेकडीत एक झरा होता. खालच्या डब्यात माणसं बसली की वरच्या डब्याच्या टाकीत त्यांच्या वजनाला पुरून उरेल इतकं पाणी भरायचं आणि ब्रेक सोडायचा. पाण्याचा डबा आपल्या वजनानं उतरे आणि माणसांच्या डब्याला वर ओढी. खाली पोचलेल्या डब्यातलं पाणी मग सोडून द्यायचं, म्हणजे तो हलका होऊन पुढच्या चढाईला मोकळा.

पण वरच्याला खालचं दिसत नसे. मधे टेकडीचं पोट आडवं येई. म्हणून एक तार ओढलेली होती. खालून दोर ओढला की वर घंटा वाजे. खाली जितकी माणसं डब्यात बसली तितके टोल. वरचा माणूस टोल मोजी आणि तेवढ्यांचं पाणी भरी. वरून खाली काही कळवायची सोय मात्र केलेली नव्हती. वरच्याला खाली सांगण्यासारखं काय असणार, असं बांधणाऱ्यांना वाटलं असावं.

वर एव्हारिस्तो होता आणि खाली त्याची बायको रेमेदिओस. रेमेदिओस तेवीस वर्षांची होती. ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत ती चार वर्षं शिकली होती, म्हणूनच तिला घंटेची जागा मिळाली. शाळेनं तिला मोजायला शिकवलं होतं, आणि मोजलेल्यावर विश्वास न ठेवायलाही. डब्यातली माणसं ती दारातून मोजी, मग आत डोकावून उलट्या बाजूनं मोजी, आणि टोल देऊन झाल्यावर डबा वर निघाला की खिडकीतून दिसणाऱ्या टोप्या मोजीत उभी राही. आजवर एकदाही चूक झाली नव्हती. यानं तिला जराही धीर येत नसे. उलट, इतके दिवस झाली नाही म्हणजे आता जवळ आली असणार, असं तिला वाटे.

आणि आठ महिन्यांपूर्वी नीएवेस झाली. मग तर मोजायला नवंच काहीतरी मिळालं. पोर शालीच्या झोळीत आईच्या छातीशी बांधलेली असे. दोन गाड्यांच्या मधे रेमेदिओस बोट ओलं करून तिच्या नाकाखाली धरी. श्वास लागला की सुस्कारा टाकी. पुढची गाडी गेली की पुन्हा बोट ओलं.

हे सगळं रोज बघणारं एक माणूस होतं. खालच्या स्थानकाच्या पायरीवर कासिल्दा नावाची बाई एम्पानादा विकत बसे, म्हणजे खिमा-कांदा भरलेल्या, करंजीच्या आकाराच्या गरम पुऱ्या. साठीची, अंगानं भरपूर, आवाजानं त्याहून भरपूर. सगळं गाव तिला 'तिया कासिल्दा' म्हणे, आपण मावशी म्हणतो तसं. तिला तीन मुलगे होते आणि तिघंही समुद्रानं नेले, असं काही जण सांगतात. तिचं लग्नच झालं नव्हतं, असंही सांगतात. एकोणीस वर्षं ती त्या पायरीवर बसत होती, एवढ्याबद्दल मात्र कुणाचा वाद नाही.

"पोरी, झोपलीय ती," कासिल्दा ओरडे. "असं सारखं बोट लावशील तर शिंक येऊन उठेल, आणि मग माझं डोकं उठवशील."

रेमेदिओस ओशाळून हसे. मग कासिल्दा पाठ करून बसली की पुन्हा बोट लावी.

घंटेचा एक नियम होता. मांडीवरचं मूल मोजायचं नाही. त्याला तिकीट नसे, म्हणून टोलही नसे. एखाद-दुसऱ्या मुलाच्या वजनानं काही बिघडत नसे, कारण एव्हारिस्तो नेहमीच थोडं जास्त पाणी भरी. रेमेदिओसला या नियमाची एकदा शंका आली होती. तपासनीस आला तेव्हा तिनं विचारलंही, की साहेब, एका दिवशी पुष्कळ मुलं आली तर? तपासनीस नव्या आयांची थट्टा करावी तसा हसला आणि म्हणाला, तुझं मूल धरून की सोडून? ती लाल झाली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

ऑगस्ट महिन्यातल्या एका शुक्रवारी, सकाळी नवाच्या सुमाराला, जमीन हलली. त्या किनाऱ्याला धरणीकंप नवा नाही, पण असा कुणी पाहिला नव्हता म्हणे. चर्चचा मनोरा बसला. गोदामांच्या भिंती रस्त्यावर निजल्या. टेकडीवर जाणाऱ्या तीनशे पायऱ्या होत्या, त्या मधोमध तुटून खाली घसरल्या. गाडीचे रूळ आणि तारदोर मात्र शाबूत राहिले. आणि मग कुणाचं तरी समुद्राकडे लक्ष गेलं. समुद्र मागे जात होता. नांगरलेली जहाजं चिखलात कलंडली होती आणि कुणी कधी न पाहिलेला तळ उन्हात चमकत होता. असा मागे गेलेला समुद्र कसा परत येतो, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

ज्यांना घोडा मिळाला, गाडा मिळाला, ते दूरच्या रस्त्यानं पळाले. बाकीची माणसं असेन्सोरच्या चौकात जमली. रेमेदिओस जागेवर उभी राहिली. नीएवेस छातीशी रडत होती, आज तरी बोट लावायची गरज नव्हती. निळा डबा भरला, टोल दिले, वर गेला. पिवळ्या डब्याचं पाणी सोडलं, तो भरला, टोल दिले, वर गेला. पुन्हा निळा. प्रत्येक फेरीला पाणी भरायला वेळ, चढायला वेळ, पाणी सोडायला वेळ. सगळ्यांच्या माना समुद्राकडे आणि तिची मान डब्याकडे. मोजणं दोनदा, नेहमीसारखं. लोक ओरडले तिच्यावर. तिनं तरी दोनदाच मोजलं.

शेवटी पिवळा डबा खाली आला तेव्हा चौकात राहिले होते ते सगळे त्यात मावत होते. बहुतेक बायका होत्या, कारण सकाळच्या त्या वेळी मासळी निवडायला बायकाच येत, पोरांना घेऊन. तिनं साखळी ओढून डब्याचं पाणी सोडलं. सगळ्यांना आत चढवलं, दाटीवाटीनं. स्वतःला आणि कासिल्दाला धरून माणसं अठ्ठावीस झाली. तिनं अठ्ठावीस टोल दिले, धावत येऊन आत चढली आणि दाराची कडी लावली. वर पाणी भरलं जात होतं तितका वेळ सगळे समुद्राकडे बघत होते. मग तारदोर ताणला. डबा वीतभर उचलला गेला.

आणि थांबला.

कुणीतरी म्हणालं, वजन जास्त झालं, एखाद्यानं उतरायला हवं. एक हमाल होता, त्यानं कासिल्दाकडे नजर टाकली. "बघतोस काय," ती म्हणाली, "टोपली कधीच टाकलीय मी." दोघीतिघी त्याही वेळी हसल्या, असं सांगतात.

रेमेदिओसला तेव्हा दिसलं. मांड्यांवर मुलं होती, एखाद-दोघींच्या मांडीवर दोन. तिनं मोजली. अकरा. अकरांपैकी एकाचाही टोल दिलेला नव्हता, त्यातली एक तिची स्वतःची. वजन जास्त झालं नव्हतं, पाणी कमी पडलं होतं. घंटेच्या दोरापाशी जाऊन आणखी अकरा टोल दिले की काम होणार होतं. ब्रेक उघडा होता, म्हणजे वरून पाणी पडायला लागलं की डबा त्याच क्षणी सुटणार. टोल देणारा मागे राहणार. ती उठायला लागली.

दाराशी कासिल्दा बसली होती. तिनं रेमेदिओसचा खांदा दाबून तिला खाली बसवलं.

"तू कुठं? तिला पाजणार कोण, मी?" ती म्हणाली. "एकोणीस वर्षं ती घंटा ऐकतेय. मला वाजवता येत नाही होय? किती सांग."

"अकरा."

"अकरा. मग तुम्ही पोचलात की निळ्यातून मी येते. माझा एक टोल."

रेमेदिओस बसली. त्या सकाळी तिनं शंभर गोष्टी केल्या, पण पुढं जन्मभर तिला आठवत राहिली ती एवढीच, की ती बसली. कासिल्दा मरायला उतरली होती असं नव्हे. ती पुढच्या गाडीनं येणार होती. रोज माणसं अशीच एकमेकांना म्हणतात, तुम्ही व्हा पुढे. आणि खरं तर एक गाडी मिळण्याइतका वेळ अजून होता.

घंटेचे अकरा टोल पडले, एकेक स्वच्छ, सारख्या अंतरानं. रेमेदिओसला वाटलं, माझ्याहून चांगले देतेय. वर एव्हारिस्तोनं अकरा मोजले, आणि निळ्या डब्याची टाकी काठोकाठ भरली. पिवळा डबा सुटला.

मध्यावर निळा डबा त्यांच्या शेजारून खाली गेला. त्याच्या पोटात पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, आणि रेमेदिओस ताडकन उठली.

डबा खाली पोचला की पाणी आपोआप सुटतं, असा साऱ्या गावाचा समज होता. तसा तो कासिल्दाचाही होता. पाणी वाहिल्याचा आवाज रोज सगळ्यांच्या कानावर येई. पण डब्याच्या मागच्या पायरीखाली एक साखळी होती, ती ओढल्याशिवाय टाकीचं तोंड उघडत नसे. रेमेदिओस ती दिवसातून तीसदा ओढी. पाठीमागे, भिंतीच्या आडोशाला, पायानं पायरी उचलून, हातानं साखळी. इतकी सवयीची गोष्ट की ती आपण करतो हेही तिला जाणवत नसे. जे दोनदा मोजायचं ते तिनं सांगितलं होतं. हे सांगायचं राहिलं होतं.

ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडली. साखळी, मागची साखळी. चाकं करकरत होती, पोरं रडत होती. खाली, लहान दिसणारी कासिल्दा तोंड वर करून बघत होती. तिनं हात हलवला. निरोप घेतात तसा.

वर पोचल्यावर दारं उघडली आणि लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. एवढ्यात घंटा वाजली. एक टोल.

एव्हारिस्तोला वाटलं, एक माणूस. त्यानं पिवळ्या डब्यात एका माणसाचं पाणी घेतलं, ब्रेक सोडला. डबा हलला नाही. तेवढ्यात रेमेदिओस गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचली. निळ्यात पाणी आहे, ती म्हणाली, तियाला साखळी माहीत नाही. त्यानं तोटी पूर्ण उघडली आणि पिवळ्याची टाकीही काठोकाठ भरू लागला. झऱ्याचं पाणी म्हणजे केवढं. तो वेळ कसा गेला हे कुणी सांगत नाही. टाकी भरली, ब्रेक सुटला. डबा हलला नाही. दोन्ही टाक्या काठोकाठ, दोन्हीकडे वजन सारखं, आणि खाली त्यावर एक जाडजूड बाई.

"चार माणसं आत बसली तरी जाईल," एव्हारिस्तो म्हणाला.

कुणी पुढे झालं नाही. त्यांना नावं ठेवू नयेत. ती माणसं नुकतीच तिथून आली होती, आणि डब्यात बसणं म्हणजे पुन्हा तिथंच उतरणं. समुद्र आता मागे जायचा थांबला होता आणि दूरवर एक पांढरी रेघ उभी राहिली होती. रेमेदिओसनं एक पाय डब्यात ठेवला. एव्हारिस्तोनं तिला अडवलं नाही. तो तिच्याकडे बघतही नव्हता, तिच्या छातीवरच्या झोळीकडे बघत होता. तिनं पाय मागे घेतला.

मग तिला दगड दिसले. धरणीकंपानं स्थानकाची पुढची भिंत पडली होती आणि तिचे दगड समोरच, पायात येतील असे पसरले होते. सगळे जण त्यांना ओलांडूनच आत-बाहेर करत होते. एका हातानं झोळी सावरून तिनं दुसऱ्या हातात दगड घेतला आणि डब्यात टाकला. परत आली, दुसरा घेतला. लोक बघत राहिले. बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, असं त्यांना वाटलं, आणि एका बाईनं तर येऊन तिला जवळ घेतलं, बस म्हणाली, संपलं आता. रेमेदिओसनं तिला ढकललं. "वजन हवंय," ती म्हणाली. "तिला वर आणायला वजन हवंय."

तेव्हा कुठं समजलं. मग सगळेच धावले. पोरांनी लहान आणले, हमालानं चौथऱ्याचा दगड उपटून आणला. डब्यात दगडांचा खणखणाट झाला. आणि डबा हलला. आधी बोटभर, मग हातभर, आणि मग नेहमीसारखा, शांतपणे उताराला लागला. लोकांनी आरोळी ठोकली. कुणी गुडघ्यावर बसलं, कुणी देवाचं नाव घेतलं.

त्याच आरोळीत घंटा वाजली. एक टोल.

एव्हारिस्तोचा हात ब्रेकवर होता. तो आणि रेमेदिओस, दोघांनाच काय झालं ते कळलं. घंटेचा दोर तिकिटाच्या खोलीत होता. डब्यात बसून तो ओढता येत नसे.

गाडी येत नाही असं पाहून कासिल्दा खाली उतरली होती. आपला टोल वर पोचला नाही, असं तिला वाटलं असणार. पुन्हा द्यावा म्हणून ती गेली असणार.

एव्हारिस्तोनं ब्रेक दाबला. पण खाली जाणाऱ्या डब्यात दगड, पाणी, सगळं मिळून इतकं ओझं होतं की तो पुरता थांबेपर्यंत निळा डबा मध्याच्या वर आला होता. त्याला परत खाली धाडायचं तर दगड काढायला हवे होते, आणि दगड खालच्या अर्ध्या वाटेवर लटकत होते. ते तिघं तसेच उभे राहिले, नवरा, बायको आणि बाळ. घंटेची तार एकदा ताणल्यासारखी झाली. मग ढिली पडली आणि भिंतीवर लोंबत राहिली. खाली समुद्र चौकात आला होता.

निळा डबा सावकाश वर घेतला तेव्हा त्याचं दार उघडं होतं. टाकीत पाणी काठोकाठ होतं. बाकी काही नव्हतं.

पुढं गावात दोन तट पडले. काही म्हणत, दगडांनी डबा हलला. आणखी थोडे आधी आणले असते तर ती आत बसलेली असतानाच वर आली असती. काही म्हणत, दगडांनी नव्हे. ती उतरली, तिचं वजन गेलं, म्हणून डबा हलला. एव्हारिस्तो पहिल्या पक्षाचा होता, कारण त्यात निदान काहीतरी करता आलं असतं. रेमेदिओस कुठल्याच पक्षाची झाली नाही. तिला एवढंच ठाऊक होतं की दगड आणि टोल यांच्यामधे किती वेळ गेला ते तिनं मोजलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी खालचं स्थानक पुन्हा बांधलं. ती कामावर परत गेली. लोकांना वाटलं होतं, जाणार नाही. तिनं पहिलं काम हे केलं की साखळी पुढच्या बाजूला, दाराशी आणून घेतली आणि तिला तांबडा रंग लावला. खाली येणाऱ्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, ती साखळी हातात देऊन ओढायला लावी. लोक कंटाळत. ती ऐकत नसे. मांडीवरच्या मुलांचेही टोल द्यायला लागली, कुणाला न विचारता. तपासनीस आला, त्यानं ऐकलं, आणि त्या वेळी तो हसला नाही.

आणि रोज सकाळी वरून निघताना ती त्या पडक्या भिंतीतला एक दगड उचलून मांडीवर घेई. एका मांडीवर नीएवेस, दुसरीवर दगड. कुणी विचारलंच तर म्हणे, वजन कमी पडायला नको. पहिले काही दिवस लोक नजर चुकवीत. मग ज्या बाईनं तिला त्या दिवशी बस म्हटलं होतं, तिनं एक उचलला. मग हमालानं. त्या सकाळी जे नुसते बघत उभे होते, त्यांनी एकेक करून उचलले, आणि एकमेकांशी त्याबद्दल कधी बोलले नाहीत. नवस म्हणून कुणी कधी बोललं नाही, तरी तो नवसासारखा पाळला गेला.

नीएवेस मोठी झाली, तिला मुलं झाली. तिनं आईला एकदाच विचारलं म्हणतात, की आई, कशानं हलला गं डबा? रेमेदिओस तेव्हा आजी झाली होती आणि नातवाला झोपवत होती. तिनं त्याचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, "मी बसले नसते, तर तू कुणाला विचारलं असतंस?" आणि नातवाच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

सेन्योर आन्सेल्मो इथं थांबतात. पाण्याच्या टाक्या जाऊन विजेची मोटर आली त्याला आता शंभराच्या आसपास वर्षं झाली. मोटर बसवायला आलेल्या इंजिनियरांनी गावकऱ्यांना समजावून सांगितलं होतं म्हणे, की यापुढं वजनाचा काही संबंध नाही, दगड न्यायची गरज नाही. गावकऱ्यांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी इंजिनियरांनाच एकेक दगड हातात दिला.

आजही खाली पोचलेल्या डब्याचं दार उघडतं, पण कुणी उठत नाही. मोटर बंद झालेली असते, चौकात बसगाड्या कर्कश वाजत असतात, कामावर जाणाऱ्यांना उशीर होत असतो. पाहुणे दगड ठेवून लगबगीनं उभे राहतात, तेव्हा शेजारची एखादी बाई त्यांना खुणेनं बसायला सांगते; वरचं माणूस उतरेपर्यंत खालचं वजन हलवायचं नाही. टेकडीवर, दुसऱ्या टोकाला, एक डबा याच क्षणी पोचलेला असतो. त्यातला शेवटचा माणूस फलाटावर पाय ठेवतो आणि खालची घंटा, जी तेव्हा नव्हती आणि मागाहून बसवली, वरून एकदा वाजवली जाते. तोवर इकडे सगळे दगड मांडीवर घेऊन गप्प बसलेले असतात.